बर्फाचं टाइमटेबल

एप्रिल-मे आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सॅक हिमालयाच्या दिशेने निघतात. तिथल्या वसंतातला बर्फ दिसतो देखणा, पण त्याचं वेळापत्रक कडक आहे. आणि ते आपल्या लोकलसारखं दोन मिनिटं लेट चालत नाही!

एप्रिल उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कल्याणचा पारा चढतो आणि घराघरातल्या माळ्यावरून सॅक खाली येतात. संध्याकाळी कचराळी तलावाभोवती पाठीवर आठ किलोचं ओझं घेऊन फेऱ्या मारणारी मंडळी दिसायला लागतात. येऊरच्या चढावर रविवारी पहाटे गर्दी वाढते. डोंबिवलीची पोरं 'स्टॅमिना' म्हणून मलंगगडाच्या पायऱ्या दोनदा चढतात. ऑफिसात बॉसचा मूड बघून लीव्हचा अर्ज सरकवला जातो, कल्याणहून पंजाब मेलचं बुकिंग होतं, आणि मग जो तो एकच वाक्य बोलतो, 'या वर्षी बर्फात जायचंय!'

सार पास, केदारकंठा, हम्प्टा... नावं बदलतात, स्वप्न तेच. घामाघूम लोकलमधून उतरून थेट पांढऱ्याशुभ्र उतारावर उभं राहायचं. या स्वप्नात काहीच गैर नाही, माझंही ते दरवर्षी असतं. फक्त या बर्फाची एक गंमत आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीत तयार झालेल्या डोक्याला पटकन पटत नाही. म्हणून हा प्रपंच.

आपलं डोकं सह्याद्रीचं

ठाणे जिल्ह्यातला ट्रेकर लहानपणापासून काय शिकतो? दगड आणि पाऊस. आसनगावला उतरून माहुली करताना कुठला दगड हलतो ते पायाला कळतं. गोरखगडाच्या पायऱ्या ओल्या असल्या की हात आपोआप खोबणी शोधतो. ढग दाटले, वारा सुटला, धबधब्याचं पाणी गढूळ झालं की आपण सावध होतो. म्हणजे आपला हिशोब सरळ आहे : हवा वाईट तर धोका जास्त, ऊन पडलं तर मजा.

डोंगर पाण्याने कसा सुटतो, हेही आपल्याला नवं नाही. इर्शाळगड तर आपल्या वीकेंडचा जुना सोबती. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटातली इर्शाळवाडी मुसळधार पावसात दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. त्या वाडीतून गडावर गेलेल्या कितीतरी ट्रेकर्सना ती बातमी वाचताना अंगणं आणि ओटे आठवले असतील. उतारात पाणी मुरलं, वजन वाढलं, आतली पकड सुटली. मामला एवढाच असतो.

वसंतातल्या बर्फाचंही गणित हेच आहे. पाणी मुरतं, वजन वाढतं, पकड सुटते. फरक एवढाच की तिथे ते पाणी आकाशातून पडत नाही. ते बर्फातूनच तयार होतं, आणि तयार करतं ते ऊन! म्हणजे निरभ्र आकाश, निळीशार दुपार, गॉगल लावून फोटो काढावा असा दिवस... हाच त्या उताराचा पावसाळा असतो. आपलं सह्याद्रीचं डोकं म्हणतं 'काय मस्त क्लायमेट आहे', आणि त्याच वेळी पायाखालचा बर्फ आतून भिजत असतो.

रात्री गोठतं, दुपारी सुटतं

जरा खोलात जाऊ या. हिवाळाभर डोंगरावर एकावर एक थर साचतात, फरसाणच्या दुकानातल्या खारी बिस्किटासारखे. प्रत्येक थराची जात वेगळी, कुठला भुसभुशीत, कुठला कडक. मार्च संपता संपता ऊन तापायला लागतं आणि रोजचा एक खेळ सुरू होतो. दिवसा वरचा थर वितळतो, ते पाणी खाली झिरपतं. रात्री थंडी पडली की सगळं पुन्हा गोठून सिमेंटसारखं घट्ट होतं. सकाळी त्यावर बूट आपटला तर टक्क आवाज येतो. अशा बर्फावर चालणं म्हणजे सुख.

ऊन वर चढलं की पहिल्यांदा मऊ पडतात पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे. आत गेलेलं पाणी एखाद्या कडक थरापाशी अडतं आणि त्यावरून पसरतं. बर्फाच्या कणांना धरून ठेवणारे सांधे विरघळतात. मग कधी वरचा ओला बर्फ एका बिंदूपासून पंख्यासारखा पसरत खाली येतो, तर कधी अख्खी लादीच सुटते. ओला बर्फ हिवाळ्यातल्या भुकटीपेक्षा सावकाश येतो, हे खरं. पण वजनाला तो ओल्या काँक्रीटसारखा असतो, आणि थांबला की तसाच घट्टही बसतो.

आता यातली खरी मेख. रात्री बर्फ गोठतो तो नुसत्या थंड हवेमुळे नाही. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता थेट वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. पण रात्रभर ढग असतील तर? ढग म्हणजे डोंगरावर टाकलेली गोधडी. उष्णता आतच राहते, बर्फ गोठतच नाही, आणि सकाळची सुरुवातच कालच्या दुपारपासून होते!

म्हणजे बघा, सगळं उलटं. तंबूत दात वाजवणारी, झोप उडवणारी, चांदण्यांनी भरलेली रात्र म्हणजे उद्याची खात्री. आणि 'आज काय छान उबदार आहे' असं वाटणारी ढगाळ रात्र म्हणजे उद्याची शंका.

नगारू, रात्रीचे दोन

हे मला पुस्तकातून कळलं होतं. पटलं ते नगारूला.

कुलू जिल्ह्यात कसोलहून सुरू होणारा सार पासचा ट्रेक आपल्याकडच्या मंडळींच्या खास जिव्हाळ्याचा. यूथ होस्टेल्सच्या उन्हाळी ट्रेकमुळे तो घराघरात पोचला. 'सार' म्हणजे तळं, खिंडीजवळच्या गोठलेल्या तळ्यावरून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. उंची सुमारे १३,८०० फूट. त्याच्या आदल्या रात्रीचा कॅम्प नगारूला, आणि तिथून भल्या पहाटे, अंधारातच निघायचं असा रिवाज. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण कुरकुरतो, 'तीन वाजता? मिलिटरीत आलोय का?'

आम्ही सहा जण होतो. ठाण्याचे दोन, कल्याणची एक, बाकी डोंबिवलीचे. मे महिन्याचा दुसरा आठवडा. संध्याकाळी गारा पडल्या, मग थोडा ताजा बर्फ, आणि ढग तसेच राहिले. रात्री दोनला शिट्टी झाली. टॉर्च लावून, चहाचे मग धरून आम्ही बाहेर उभे. ग्रहण गावचा आमचा गाईड शेजारच्या उतारावर गेला आणि त्याने टाच आपटली. टाच घोट्यापर्यंत आत. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा आपटली. पुन्हा आत. मग त्याने मान वर करून आकाशाकडे पाहिलं.

"रात भर तारे नहीं निकले. बर्फ जमा नहीं है. आज नहीं जाएँगे."

झालं! आमच्यात खडाजंगी. "अरे, रविवारची गाडी आहे दिल्लीहून," ठाण्याचा बँकवाला म्हणाला. "सोमवारी माझं क्वार्टर क्लोजिंग आहे, मला कापून काढतील!" कल्याणची सीए त्याच्यावर उखडली, "तुझं क्वार्टर क्लोजिंग बर्फाला माहितीये का?" कुणी म्हणालं, हळूहळू जाऊ. कुणी म्हणालं, दुसऱ्या बॅचेस गेल्याच असतील ना अशा हवेत. गाईड शांतपणे चहा पीत होता. त्याने कुणालाच समजावलं नाही. तंबूत परत जायला सांगितलं, बस.

तो दिवस आम्ही पत्ते कुटत काढला. दुपारनंतर ढग फाटले. रात्री अशी थंडी पडली की बाटलीतलं पाणी गोठलं. आणि पहाटे तीनला जेव्हा निघालो तेव्हा कालचाच उतार संगमरवरासारखा! गाईड पुढे बुटाने पायऱ्या मारतोय, मागे आमचे टॉर्च एका ओळीत. आठ-साडेआठला माथ्यावर. फोटो फक्त दहा मिनिटं, "चलो चलो" सुरूच. पलीकडच्या प्रसिद्ध घसरगुंडीवरून बिस्केरीच्या बाजूला उतरलो तेव्हा दहा वाजले होते.

बाराच्या सुमारास, उतारांपासून दूर एका मोकळ्या गवतावर बसून आम्ही पराठे खात होतो. पारसिकच्या बोगद्यातून मेल जाताना येतो तसा घुमणारा आवाज आला. समोरच्या धारेवर पांढरी रेघ सरकत होती, दिसायला अगदी सावकाश. आमच्या वाटेवर नव्हती ती, बऱ्याच बाजूला होती. पण पराठा हातात तसाच राहिला. क्वार्टर क्लोजिंगचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

सोसायटीचा जिना

कुठला उतार सुटू शकतो आणि कुठला नाही? याचं उत्तर बरंचसं कोनात आहे. लादी सुटून येणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा बसून राहतो, त्याहून खड्या उतारावर तो मुळात फारसा साचत नाही, थोडा थोडा गळत राहतो.

तीस अंश म्हणजे किती? आपल्या सोसायटीचा जिना आठवा. तो साधारण तीसच्या आसपासच चढतो. म्हणजे बर्फाचा उतार जिन्याइतका किंवा जिन्यापेक्षा खडा दिसला की कान टवकारायचे. मोबाइलमध्ये कोन मोजायचं साधन असतं, ते घरी बसून शिकून घ्यायचं. सराव मलंगगडाच्या वाटेवर फुकट होतो.

आणि आपण उभे आहोत तो उतार सौम्य आहे म्हणून खूश व्हायचं नाही. वर काय आहे ते बघायचं. डोक्यावर चाळीस अंशांचा भरलेला उतार असेल तर त्याच्या पायथ्याचं सपाट मैदान म्हणजे स्टेशनात थांबलेली लोकल नाही, ती रुळांमधली जागा आहे. टेंट, चहा, ग्रुप फोटो, काहीही तिथे नको.

हे फक्त ट्रेकर्ससाठी नाही बरं का. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला आणि पूर्वी बर्फात महिनोन् महिने तुटणारं लाहौल मनालीहून काही तासांवर आलं. आता हनिमूनवाली जोडपी आणि फॅमिली टूरही अशा उतारांच्या खाली गाडी थांबवून बर्फ उडवतात. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ ला हेच झालं. गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर पंधराव्या मैलापाशी, दुपारी बाराच्या आसपास हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पास तेराव्या मैलापर्यंतचे होते, पुढे जायचा आग्रह पर्यटकांचा होता. तारीख बघा, वेळ बघा. एप्रिल. भर दुपार.

घड्याळ न पाळणारा बर्फ

मग काय, पहाटे निघालं आणि अकराच्या आत उतरलं की झालं? तेवढं सोपं असतं तर हिमालयात अपघातच झाले नसते.

घड्याळाचा नियम चालतो तो जुन्या, रोज गोठून-वितळून मुरलेल्या बर्फाला. ताजा बर्फ पडला की टाइमटेबल रद्द, मेगाब्लॉक! एप्रिल-मे मध्येही पश्चिमी विक्षोभ येतात आणि एका रात्रीत फूटभर बर्फ टाकून जातात. तो जुन्या गुळगुळीत पृष्ठभागावर नीट चिकटलेला नसतो. त्यात वारा असेल तर तो एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला लादीसारखा बसवतो. बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, मग तुम्ही पहाटे पाचला का निघेना.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर असंच घडलं. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी सकाळीच वर होती. हिमस्खलनात २९ जण गेले, त्यातल्या दोघांचे मृतदेहही मिळाले नाहीत. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवाल ही प्रशिक्षक त्यांत होती. शिकणारे होते, शिकवणारे होते, दोर होते, वेळ सकाळची होती. अनुभव कमी पडला असं म्हणायची आपली प्राज्ञा नाही. शिकायचं एवढंच, की डोंगर सर्टिफिकेट बघत नाही.

वसंतातला आणखी एक छुपा रुस्तम म्हणजे नाल्यावरचा बर्फाचा पूल. वरून सपाट पांढरी वाट, खालून पाणी तो पूल रोज पोखरतंय. सकाळी त्यावरून खेचर जाईल, दुपारी माणूसही जाणार नाही. तिसरी गोष्ट, धारेच्या कडेवर वाऱ्याने तयार झालेलं बर्फाचं छज्जं, म्हणजे कॉर्निस. त्याच्या टोकावर सेल्फी काढताना खाली डोंगर नसतो, हवा असते.

दहा मिनिटं

आता न आवडणारा भाग. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस किती वेळ जगतो? पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की दहांतले तीनच्या आसपास. म्हणजे ठाण्याहून सुटलेली लोकल डोंबिवलीला लागायच्या आत काय ते व्हायला हवं. हेलिकॉप्टर, लष्कर, बचाव पथक, कुणीही तेवढ्या वेळात पोचत नाही. पोचू शकतात ते फक्त शेजारी चालणारे.

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी हिमस्खलनाखाली सापडली. ५४ पैकी ४६ जण वाचले, आठ गेले. वाचलेल्यांपैकी बरेच जण राहायच्या लोखंडी कंटेनरमध्ये होते, आत श्वासापुरती हवा होती. उघड्या उतारावरच्या ट्रेकरला तो कंटेनर नसतो. त्याच्याकडे तीन वस्तू लागतात : शरीरावर बांधलेला ट्रान्सीव्हर, घडीची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे, आणि वापरायचा सराव केलेला. आपल्या नेहमीच्या उन्हाळी ट्रेकवर हे सहसा नसतंच. म्हणूनच आपल्यासाठी सुटका हा प्लॅन असूच शकत नाही. अडकायचंच नाही, हा एकच प्लॅन.

आणि त्यातली दिलासा देणारी गोष्ट : जगभरच्या नोंदी सांगतात की बर्फात फिरायला गेलेल्यांच्या अपघातांत बहुतेक वेळा ती लादी त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेली असते. म्हणजे डोंगर आपल्यावर येऊन पडतो असं नाही, आपण त्याला हात लावतो. हात न लावणं आपल्या हातात आहे.

रिटर्न तिकीट

नगारूला मला जाणवलं ते हेच. त्या रात्री आमच्यासमोर सगळ्यात धोकादायक वस्तू बर्फ नव्हती. ती होती खिशातलं रिटर्न तिकीट. नऊ दिवसांची लीव्ह, महिनाभर आधी कन्फर्म झालेली गाडी, सोमवारची मीटिंग, आणि 'एवढा खर्च करून आलोय' हे वाक्य. आपण सगळे या शहरात मिनिटांच्या हिशोबावर जगतो. ७.५२ चुकली तर दिवस बिघडतो. हीच सवय घेऊन आपण डोंगरात जातो आणि डोंगराला आपल्या वेळापत्रकात बसवायला बघतो.

खरं तर वेळ पाळणं आपल्याइतकं कुणाला जमतं? पहाटे चारला उठून पहिली कर्जत किंवा कसारा पकडणारी माणसं आपण. फक्त टाइमटेबल कुणाचं, एवढंच बदलायचं. बर्फ म्हणाला तीन, तर तीन. बर्फ म्हणाला आज नाही, तर आज नाही. एक जादा दिवस हाताशी ठेवला की हे म्हणणं सोपं जातं, आणि तो दिवस वापरायची वेळ आली नाही तर मनालीच्या मॉल रोडवर ट्राउट खायला तो आहेच.

आमचा बँकवाला दर मे महिन्यात पुन्हा हिमालयात असतो. लीव्हच्या अर्जात तो आता अकरा दिवस टाकतो. बॉसने विचारलं, नऊचा ट्रेक ना? तर म्हणतो, "सर, दोन दिवस बर्फाचे."

सॅक भरण्याआधी

* परतीचं तिकीट ट्रेक संपल्यावर किमान एक, जमल्यास दोन दिवस सोडून काढा.
* चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. मनालीची प्रसिद्ध 'सासे' २०२० मध्ये तिच्यातच विलीन झाली. इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही बघा.
* आयोजकांना बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा : खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता? ताजा बर्फ पडला तर काय करता? जादा दिवस धरलाय का? उत्तर 'चिंता नको' एवढंच आलं तर चिंता करा.
* रात्री एकदा तंबूबाहेर डोकावा. चांदण्या दिसतायत का?
* बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा बर्फावर भेगा पळाल्या तर फोटो नको, आधी उतार सोडा.
* संशयी पट्टा एकेकाने ओलांडा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवा.
* स्थानिक गाईड 'नाही' म्हणाला तर वाद घालू नका. पत्त्यांचा कॅट मात्र जरूर न्या!